टेकडीची वही: मे २०२४ ते जून २०२५

२६ मे २०२४, रविवार. हजेरी ११

नवी वही सुरू केली. जुनी गेल्या पावसाळ्यात रेनकोटच्या खिशात भिजली, तिचा लगदा झाला आणि तीन वर्षांचा हिशेब त्यात गेला. ही दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवणार.

आमच्या रविवारच्या झाडं लावणाऱ्या गटाचा तुकडा तोच जुना. पुण्यातल्या वेताळ टेकडीचा कोथरूडकडचा उतार, पायवाटेच्या खालच्या अंगाला, वनखात्याने सांभाळायला दिलेला, साधारण दीड एकर. आज खड्डे. दीड फूट लांब, दीड रुंद, दीड खोल, हे बोलायला सोपं. वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि त्याच्याखाली पहार खण्णकन परत येते. अकरा जणांनी दोन तासांत १९ खड्डे घेतले, त्यातले सात एकट्या माळीकाकांचे. काका सरकारी रोपवाटिकेतून निवृत्त झाले, वय ७१, पहार मारताना दम लागत नाही. आम्ही बाकीचे फोटोत बरे दिसतो.

मे महिन्यात का खणायचं ते नव्यांना सांगितलं. खड्डा उन्हात तापला की आतली कीड मरते, आणि वळवाच्या पाण्याने माती बसते. जूनमध्ये खणून त्याच दिवशी रोप लावलं तर दोन पावसांत माती खचते, बुंध्याशी डबकं होतं.

१६ जून २०२४, रविवार. हजेरी २३

पाऊस वेळेवर आला, ओल एक हातभर आहे. आज ३६ रोपं लागली: पळस, बहावा, आपटा, काटेसावर, खैर, हिवर, बोर. करवंदं पुढच्या वेळी, वाटेच्या कडेने.

एक उत्साही गृहस्थ वडाची चार रोपं घेऊन आले होते. टेकडीवर इतकी मोकळी जागा असताना तुम्ही वड का लावत नाही, आणि वरचं सपाट माळ तर अख्खं रिकामं आहे, असा त्यांचा सवाल. वडाला इथे माती पुरणार नाही, हे त्यांना पटलं. माळ रिकामं नाही, हे पटवायला वेळ लागला. वर नेऊन दाखवलं. गवताच्या बुडात, गुराच्या खुरात मावेल एवढ्या खळग्यात चंडोलाचं घरटं होतं, त्यात तीन अंडी. गवतात जमिनीवर घरटं करणारे पक्षी झाडांच्या गर्दीत राहत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांवर मुळात जे आहे ते विरळ झाडी आणि गवत. सगळीकडे जंगल हवं हा आपला हट्ट. गृहस्थ बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. वड परत घेऊन गेले आणि करवंदं लावायला येतो म्हणाले. (आले नाहीत. पण वडही कुठे गुपचूप लावलेले सापडले नाहीत, हेही नसे थोडके.)

३० जून २०२४, रविवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, अर्धी मंडळी वारकऱ्यांना चहा-पोहे वाटायला. टेकडीला सुट्टी.

१४ जुलै २०२४, रविवार. हजेरी ७३

ही हजेरी वाचून कोणी हुरळून जाऊ नये. त्यातले ६४ जण एका कंपनीचे. बस, एकसारखे टीशर्ट, फलक, पाण्याच्या बाटल्यांची खोकी. त्यांना दोन तासांत ५०० झाडं लावायची होती. आमच्याकडे खड्डे तयार होते २५. आधी फोनवर तीनदा सांगितलं होतं. बरोबर आलेल्या बाईंचं म्हणणं, आकडा आधीच वर कळवून झालाय. मी म्हटलं, मग २५ जणांनी एकेक रोप लावावं आणि बाकीच्यांनी गाजरगवत उपटावं, त्याचा आकडा हवा तेवढा मोठा देते.

गाजरगवत उपटायला १० जण आले. हातमोजे घालायला लावले, कारण त्याने अंगाला खाज सुटते आणि काहींना नंतर महिनोन्‌महिने त्रास होतो. भारतात या गवताचा बोभाटा पहिल्यांदा झाला तो पुण्यातच, १९५५-५६ च्या सुमारास, हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे पुणेकरच म्हणायचं." त्याला मी लगेच कामाचा माणूस समजले.

उरलेल्या जत्थ्याने पाऊण तासात २५ रोपं लावली आणि फोटोला गेला. एकूण आता ६१: पळस १२, करवंद १०, बहावा ९, आपटा ८, काटेसावर ६, खैर ६, हिवर ५, बोर ५. खाली उतरताना सवयीने रिकाम्या पिशव्या मोजल्या. रोपं २५, पिशव्या १८. वारा होता, उडाल्या असतील, असं म्हणून सोडून दिलं.

२८ जुलै २०२४, रविवार. हजेरी ९

गुरुवारी, २५ तारखेला, शहराने काय भोगलं ते सगळ्यांनी पाहिलं. सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आमच्यातले चौघे अजून तिकडेच चिखल काढायला जातात, त्यामुळे हजेरी कमी.

टेकडीवर रोपांभोवती पाण्यासाठी केलेली १४ आळी वाहून गेली. आळं करताना चूक झाली होती: सपाटीवर करतात तसं गोल केलं. उतारावर अर्धचंद्राचं आळं लागतं, बांध खालच्या बाजूला, तोंड चढाकडे. वरून येणारं पाणी त्यात थांबतं आणि जास्त झालं की दोन्ही टोकांवरून निघून जातं. पूर्ण गोल केलं की वरचा काठ आधी फुटतो आणि लोंढा थेट मुळावर. सगळी नव्याने बांधली, बांधाला दगड लावले. दगडांना तोटा नाही.

कंपनीतला तो पुणेकर मुलगा आज एकटाच, बिनटीशर्टाचा आला. मला "मॅडम" म्हणतो.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार. हजेरी १२

आज गिरिपुष्पाची पिल्लं उपटली. टेकडीच्या मोठ्या भागावर याच झाडाचं राज्य आहे. मध्य अमेरिकेतून आलेलं, झपाट्याने वाढणारं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत म्हणून एके काळी लागवडीला सोयीचं वाटलेलं. 'उंदीरमारी' हे नाव त्याच्या विषारी बियांमुळे. शेंग वाळली की फटकन फुटते आणि बी लांब उडतं. मोठ्या झाडांना आम्ही हात लावत नाही, तो वनखात्याचा विषय. पण जमीन ओली असताना वीतभर रोपं दोन बोटांनी मुळासकट निघतात. ऑक्टोबरात त्यांनाच कुदळ लागते. म्हणून हे काम ऑगस्टचंच, आणि ते आठ वर्षांच्या मुलालाही जमतं, फक्त आधी पान ओळखायला शिकवावं लागतं. एका चिमुरडीने मोठ्या अभिमानाने पळसाचंही एक रोप उपटून दाखवलं. पुन्हा लावलं. बघू.

उपटलेला पाला पोत्यात भरून खाली सोसायटीत आणला. त्यात नत्र भरपूर असतं, भातशेतीत हिरवळीचं खत म्हणून वापरतात. आमच्या खताच्या हौद्यात त्याची दोन दिवसांत वाफ निघायला लागली. झाडाबद्दल तक्रार आहे, पाल्याबद्दल नाही.

आणि त्या सात पिशव्या सापडल्या. पिवळी पडलेली रोपं माळीकाकांनी हलकेच उकरली. सातही पिशवीसकट लावलेली. मुळं आतल्या आत गोल फिरून दोरीच्या गुंड्यासारखी झालेली. ब्लेडने पिशव्या कापल्या, बाहेरची मुळं थोडी मोकळी केली, पुन्हा लावलं. मुलगा शेजारी बसून सगळं बघत होता. "आमच्या लोकांनी?" म्हणाला. मी काही बोलले नाही. काका म्हणाले, "सांगितलं कुणी होतं त्यांना?" ते खरंच होतं. मीच त्या दिवशी गाजरगवताच्या इतिहासात रमले होते.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. हजेरी ८

विळा-खुरपं घरी. आज फक्त बघायला गेलो. गवत कमरेएवढं, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, झुडपांतून वर निघालेली कळलावी, पायाशी विष्णुक्रांतीची निळी टिकली. महिनाभर हे असतं आणि शहराला पत्ता नसतो.

खाली सोसायटीत गणपतीच्या निर्माल्याची तीन पिंपं. हार सोडवून दोरे, जरी, थर्माकोलचे मणी वेगळे काढायला वहिनी आणि दोन आज्या बसल्या. टेकडी चढता येत नाही म्हणून ज्या हळहळत होत्या त्याच या. तीन पिंपांतून दीड पिंप शुद्ध पाना-फुलांचं निघालं. उरलेलं काय होतं ते लिहीत नाही, बाप्पाला माहीत आहे.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार. हजेरी ७

काल दसरा. आज वर गेलो तर आठपैकी तीन आपटे ओरबाडलेले. दोन फुटांचं रोप, त्याची चौदा-पंधरा पानं, ती सोनं म्हणून कोणाच्या तरी हातात गेली. एकाचा शेंडाच मोडलाय. गंमत म्हणजे बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात आणि कोणाला फरक कळत नाही. आमचे मात्र नेमके ओळखले.

मुलगा पाटी लावू म्हणाला. मी नको म्हटलं, पाटीमुळे आपटा कुठला ते बाकीच्यांनाही कळेल.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. हजेरी १५

दिवाळीनंतर दरवर्षी होतं तसं यंदाही झालं. नऊ जणांचे निरोप: "आम्हालाही काहीतरी करायचं आहे, काय करू?" प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा इथे एकदा लिहून ठेवते, फोटो काढून पाठवता येईल.

रोपं लावायचे दिवस संपले. त्यासाठी येणार असाल तर जूनमध्ये या, आणि खरं सांगायचं तर तेव्हा माणसं मिळतात. आम्हाला माणूस हवा तो फेब्रुवारी ते मे, आठवड्यातून एकदा पाच लिटरचा कॅन घेऊन अर्धा तास चढणारा. रोज टेकडीवर फिरायला येत असाल तर दोन झाडं नावावर करून घ्या, जाता जाता पाणी. चढवत नसेल तर खाली बागेत काम आहे: पाला चाळणं, दुधाच्या पिशव्या धुऊन त्यात माती भरणं, बी खरवडणं. घरातून बाहेर पडता येत नसेल तर पिशव्या धुऊन वाळवून नुसत्या द्या, अर्ध्या लिटरच्या नकोत, एक लिटरच्या. मुलांना आणा, पण मुलांना सोडून मोबाइलवर बोलत बसू नका. अवजारं आमची, हातमोजे तुमचे. प्रमाणपत्र मिळत नाही.

या शेवटच्या ओळीनंतर नऊपैकी चार उरले. चार पुष्कळ झाले.

आज खालच्या बागेचे वाफे भरले. इमारतीच्या मागे १२ फूट रुंदीची पट्टी आहे, बिल्डरने राडारोडा पुरून वर माती पसरलेली. खणण्यात अर्थ नाही, म्हणून जमिनीच्या वरच वाफे केले. विटांची कड, तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर कोपऱ्यावरच्या रसवंतीतली उसाची चिपाडं, मग वीतभर सुका पाला दाबून, मग खत आणि वर चार बोटं माती. महिन्याभरात सगळं निम्म्यावर बसतं, मग पुन्हा पाला. मेथी, चाकवत, लाल माठ, वांगी, आणि कडेने घेवडा.

१५ डिसेंबर २०२४, रविवार. हजेरी १०

बागेत भांडण. शुक्रवारी संध्याकाळी मेथी खुडण्याजोगी झाली होती, शनिवारी सकाळी वाफा बोडका. एका घरातून थालीपिठाचा वास येत होता, हे तीन जणांनी स्वतंत्रपणे सांगितलं. सभा बसली. कोणी म्हणे कुलूप लावा, कोणी म्हणे वाटे करा, ४८ घरांत एका वाफ्याच्या मेथीचे वाटे! दोन तासांनी ठरलं ते असं: भिंतीवर तक्ता लावायचा, ज्याचा पाणी घालायचा वार, त्याचा त्या वारी खुडायचा हक्क. पाणी नाही, भाजी नाही. थालीपीठवाल्या काकांनीच आधी मंगळवार घेतला. (नंतरची नोंद: तेव्हापासून मंगळवारचं पाणी एकदाही चुकलेलं नाही.)

घेवड्यावर मावा आलाय. फवारणीची तयारी झाली होती, तेवढ्यात माळीकाकांनी पानाच्या मागे एक काळी, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी अळी दाखवली. मगरीच्या पिल्लासारखी. ढालकिड्याचं, म्हणजे लेडीबर्डचं, पोर. आमच्या डोळ्यांदेखत तिने एक मावा तोंडात धरला आणि चोखून टाकला, नुसतं टरफल राहिलं. मग दुसरा. पाच मिनिटं आम्ही सहा मोठी माणसं एका पानाभोवती डोकी जोडून उभी होतो. फवारणी रद्द.

१२ जानेवारी २०२५, रविवार. हजेरी ६

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा. गवत वाळून कुसळ झालंय, एका विडीचं काम. तुकड्याच्या तिन्ही बाजूंनी दहा फूट रुंद पट्टा विळ्याने कापून मोकळा करायचा. सहा जणांत दोन बाजू पुऱ्या झाल्या. तिसऱ्या बाजूचं गवत कापलं, पण उचलायला पोती संपली. पुढच्या रविवारी उचलू.

१९ जानेवारी २०२५, रविवार. हजेरी २

लग्नसराई, संक्रांतीचं हळदीकुंकू, एक मॅरेथॉन. पोती नाहीत.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. हजेरी ४

पाणी सुरू. एका रोपाला चार लिटर, एका कॅनमध्ये सव्वा रोप असं माझं गणित. चौघांच्या तीन-तीन फेऱ्या, १५ रोपं. मुलगा आता दोन्ही हातांत एकेक कॅन घेतो आणि "ताई, तुम्ही वरच थांबा" म्हणतो. मॅडमची ताई कधी झाले ते लक्षात आलं नाही.

पाणी घालून झालं की आळ्यात कापलेलं गवत तीन-चार बोटं जाड पसरतो. आच्छादनाखालची माती आठव्या दिवशीही हाताला गार लागते. उघड्या आळ्यातली तिसऱ्या दिवशी भेगाळते.

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

दुपारी पावणेतीनला फिरायला जाणाऱ्या एका आजोबांचा फोन: धूर. मी, मुलगा (ऑफिसातून हेल्मेटसकट), माळीकाका आणि वाटेत भेटलेले दोन अनोळखी तरुण. वनखात्याची माणसं आमच्या आधी पोचली होती. आग झोडपायला हिरव्या फांद्या तोडाव्यात म्हणून गिरिपुष्पाकडे धावलो तर झाडावर एक पान नाही, नुसती गुलाबी फुलं. दिवसच ते होते. शेवटी गोणपाट भिजवून झोडपलं. पाणी पिण्याच्या बाटल्यांतलं.

दोन बाजूंना जाळरेषेशी येऊन आग मुकाट विझली. तिसऱ्या बाजूला आत शिरली, बरोब्बर तिथूनच जिथे कापलेलं गवत पडून होतं. म्हणजे आम्ही आगीला पायघड्या घालून ठेवल्या होत्या. दुसऱ्या कोणाला दोष देण्याची सोय नाही.

आठ रोपं जळली. माझ्या चपलेचा तळ वितळलाय. काका घरी जाताना इतकंच म्हणाले, "पोती आधी मोजायची, ताई. मग विळा."

९ मार्च २०२५, रविवार. हजेरी ८

पानगळ जोरात. रस्त्याकडेला पाल्याचे ढीग, आणि सकाळी कुठेतरी ते पेटवल्याचा वास येतोच. पुण्यात अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या 'ब्राऊन लीफ' उपक्रमाची कल्पना साधी आहे: ज्याला पाला नको तो पोत्यात भरून ठेवतो, ज्याला हवा तो घेऊन जातो. आम्ही हवं असणाऱ्यांतले. शेजारच्या दोन सोसायट्यांचा पाला आता आमच्याकडे येतो, आज ३१ पोती. वॉचमनकाकांनी आधी विचारलं, "हा कचरा विकत घेताय का?" फुकट आहे म्हटल्यावर त्यांना आमची जास्तच कीव आली.

पाला लागतो कारण ओल्या कचऱ्याला तो पुरेसा नसला की वास सुटतो. आकारमानाने तीन घमेली पाला, एक घमेलं ओलं, असं आमचं माप. विरजण म्हणून ताक-गूळ-शेणाचं पाणी. २०१६ च्या घनकचरा नियमांत ५,००० चौरस मीटरवरच्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. आमची सोसायटी लहान, आम्हाला सक्ती नव्हती. बहुतेक म्हणूनच चाललंय.

घुशीने हौद्याला खालून बोगदा पाडला. जाळी बसवली. खर्च ६४० रुपये, पावती मागच्या पानात.

२० एप्रिल २०२५, रविवार. हजेरी ५

वार्षिक मोजणी. ऊन असं की सात वाजताच दगड तापलेले. प्रत्येक रोपाला टिनाचा नंबर आहे. मी वही धरली, मुलगा ओरडून सांगत होता.

जिवंत ३४. मेलेली २७.

मेलेल्यांत जळलेली आठ. पिशवीत गुदमरलेल्या सातांपैकी चार. ओरबाडलेला एक आपटा. चार काय झालं कळत नाही अशी. आणि पळस दहा. बारापैकी दहा पळस, म्हणजे पेन्सिलीएवढ्या वाळक्या काड्या. नखाने साल खरवडली तर खाली हिरवं नाही. पळसाचा मला अभिमान होता, म्हणून जास्त लागलं. पुढच्या वर्षी पळस नको, असं समासात लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

माळीकाका मागे राहिले होते. मी वळून पाहिलं तर ते त्या दहा काड्यांना एकेक करून पाणी घालत होते. मुलगा म्हणाला, "काका, ती मेलीत, पाणी पुरत नाहीये आपल्याला." काका म्हणाले, "वहीत मेलीत." आणि घालत राहिले.

मला राग आला, खरं सांगते. चढवून आणलेलं पाणी आहे ते. पण ७१ वर्षांच्या (आता ७२) माणसाने स्वतः उचलून आणलेला कॅन त्याने कुठे ओतावा हे मी कोण सांगणार?

४ मे २०२५, रविवार. हजेरी १३

बी गोळा करायचा दिवस, यावर मुलं खूश. बहाव्याच्या हातभर काळ्या शेंगा, पळसाच्या चपट्या शेंगा (बी एकच, टोकाशी), काटेसावरीची बोंडं. बोंड फुटलं की कापूस आधी उडतो आणि बी त्याच्याबरोबर, त्यामुळे फुटायच्या बेतात असलेलं धरावं लागतं.

खाली आज्यांचं पथक बसलं. बहाव्याचं बी दगडासारखं, तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने ढिम्म. फरशीवर एका कडेने घासायचं, आतला फिकट रंग दिसला की बास, मग रात्रभर पाण्यात. फुगलेलं पेरायचं, न फुगलेलं परत घासायचं. एका आजींनी जुन्या खडबडीत सहाणेवर घासायची युक्ती काढली, ती सगळ्यांत जलद. ११० पिशव्या भरल्या.

समासातली ओळ मोडून पळसाच्या २० पिशव्याही भरल्या. काकांनी बी आणून समोर ठेवलं, मी काही बोलले नाही, त्यांनीही नाही.

२५ मे २०२५, रविवार. हजेरी ३

अख्खा मे वळवात गेला. खड्डे घ्यायचा प्रत्येक रविवार धुऊन निघाला. आजवर सहा झालेत, तेही चिखलात. पाणी घालण्याचं काम मात्र तीन आठवडे वाचलं.

२६ मे २०२५, सोमवार

हवामान खात्याने जाहीर केलं, मोसमी पाऊस पुण्यात पोचला. नेहमीच्या तारखेपेक्षा दोन आठवडे आधी. खड्डे सहा.

गटावर फोन सुरू: "लावायचं कधी?" उत्तर: यंदा सहाच. फार तर दहा. उरलेली रोपं पिशवीत वर्षभर राहतील, नाहीतरी ती अजून वीतभरही नाहीत. एका कार्यालयातून ३०० झाडांची विचारणा आली होती. त्यांना कळवलं की खड्डे सहा आहेत, आणि जानेवारीत जाळरेषेला २० माणसं आणि ६० पोती हवी आहेत. अजून उत्तर नाही.

१५ जून २०२५, रविवार. हजेरी १९

खालच्या झाडीत नवरंग पक्षी ओरडत होता, दोन सुरांची शीळ. दिसला नाही. दोन मुलं त्याच्या मागे गेली ती तासभर परत आली नाहीत.

वर पोचलो तर काका २३ नंबरपाशी उकिडवे बसलेले. हाक मारली नाही, नुसता हात केला. ती पेन्सिलीएवढी काडी अजून तशीच वाळकी उभी होती. तिच्या बुडातून, मातीला चिकटून, नवा कोंब आला होता. कोवळा, तांबूस लव असलेला, आणि टोकाशी तीन पानं घडी घालून मिटलेली.

"पळस आधी खाली वाढतो, ताई," काका म्हणाले. "वरचं दरवर्षी वाळतं. मूळ पुरेसं खोल गेलं की मगच वरचं धरतो. चार-पाच वर्षं घेईल."

"मग एप्रिलमध्ये का नाही बोललात?"

"तुम्ही लिहीत होतात."

सगळे दहा पुन्हा पाहिले. सात फुटलेत. उत्साहात जळालेल्या आठांकडेही गेलो: एक बोर आणि एक करवंद बुडातून हिरवी. ऑगस्टात त्या चिमुरडीने उपटलेला पळस सातांत आहे, नंबर ४१. तिला बोलावून दाखवला. तिने यंदा काहीच उपटलं नाही, नुसती बसून राहिली.

सुधारित मोजणी: जिवंत ४३, मेलेली १८. वहीत 'जिवंत' आणि 'मेलेली' या दोन रकान्यांच्या मधे तिसरा आखलाय. त्याला काय नाव द्यावं यावर चढभर वाद झाला, मुलाने 'काकांना विचारा' असं लिहून टाकलंय. उरलेले तीन पळस आता अठरांतून काढून त्या रकान्यात टाकलेत.

पुढच्या रविवारी सव्वासहा. कॅन नकोत. गिरिपुष्पाची रोपं वर आलीत, हातमोजे आणि पोती आणा. पोती मी मोजणार आहे.